नागपूर: दोन वर्षं राहायचंय, शहराशी ओळख कशी करून घेऊ?

वाशिष्ठी:

नमस्कार. मी चिपळूणची. बदली होऊन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला आले. बजाजनगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, खाली घरमालकीण काकू एकट्या असतात. किमान दोन वर्षं तरी इथंच आहे.

आल्या आल्या जाणवली ती इथली शांतता. आमच्याकडं सकाळी दार उघडलं की समोरच्या ओटीवरून हाक येते, काय गं, आज उशीर? इथं रस्ते रुंद, घरांना आवार, आवारात कडुनिंब नाहीतर आंबा, आणि दुपारी एक ते चार रस्त्यावर कुणी दिसत नाही. एवढं मोठं शहर आहे हे मला फक्त सिग्नलवर कळतं. ऑफिसात विचारलं, काय बघू? तिघांनी एकच उत्तर दिलं: नागपुरात काय आहे पाहायला, ताडोबाला जाऊन या. ताडोबाला जाईनच. पण मी राहते ते नागपुरात, आणि ज्या गावात राहायचं तिथं पाहुण्यासारखं वावरणं मला जमत नाही.

पाच महिन्यांत झालं ते एवढं: फुटाळा तलावावर चार संध्याकाळी, बर्डीवर म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात खरेदी, एका रविवारी मेट्रोचे दोन्ही मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दीक्षाभूमी बाहेरून. बोलीशीही अजून ओळख व्हायची आहे. पहिल्याच आठवड्यात काकूंनी पोहे दिले आणि विचारलं, सांभार टाकू का वरून? मी नको म्हटलं, पोह्यांवर सांबार कोण घालतं! नंतर कळलं की त्या कोथिंबिरीबद्दल विचारत होत्या. त्यांच्या हातातली वाटी तशीच परत आत गेली, ते मला अजून आठवतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबा चार दिवसांसाठी येतायत. बाबा निवृत्त शिक्षक, संस्कृत आणि इतिहास शिकवायचे, गुडघा दुखतो म्हणून चढण फार नको. आईला बाजार आणि माणसं आवडतात. त्यांना कुठं नेऊ? आणि ते गेल्यावर मी स्वतः या शहरात कशी शिरू? तेव्हा अधिवेशन असतं म्हणे, त्याचा त्रास होईल का?

धंतोली१२:

अधिवेशनाच्या काळात विधान भवन, झिरो माईल, बर्डी या पट्ट्यात दुपारी मोर्चे अडवलेले असतात, रस्ते वळवलेले असतात. कार नेऊ नका, मेट्रोनं फिरा. सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात, स्थानकांवर लिफ्ट आहे, बाबांना बरं पडेल. आणि स्वेटर नक्की सांगा. कोकणातल्या माणसांना इथल्या डिसेंबरची कल्पना नसते, पहाटे पारा दहाच्या खाली येतो.

जुळारी:

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शांत म्हणालात ते खरंच आहे, पण या शांततेला कारण आहे आणि ते कळल्याशिवाय नागपूर कळत नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

मी सरकारी छापखान्यात बत्तीस वर्षं होतो. जुळारी म्हणून लागलो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. पुढं ऑफसेट आलं, खिळे गेले, माझं काम बदललं. वडील सचिवालयात कारकून होते. कोणत्या सचिवालयात, ते आता इथल्या पोरांनाही समजावून सांगावं लागतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून त्याची राजधानी नागपूर. १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाचं सरकार भोपाळला गेलं, आणि नागपूरची राजधानी एका दिवसात गेली.

मी तेव्हा चार वर्षांचा. आमच्या घरात त्या नोव्हेंबरच्या दोन वाटा झाल्या. मोठे काका भोपाळला गेले, वडिलांच्या वाट्याला मुंबई आली. काकांचं सामान टांग्यात चढवत होते तेव्हा आजी ओसरीवर बसून होती आणि एकेक भांडं ओळखून सांगत होती, हे कोणाचं, ते कोणाचं. एवढंच मला आठवतं. वडील पाच वर्षं गिरगावात एका खोलीत राहिले, आम्ही इथं महाल या जुन्या वस्तीतच राहिलो. अशी घरं तेव्हा इथं गल्लोगल्ली होती.

आता सिव्हिल लाईन्समधून चाला म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. एका मोठ्या प्रांताचा कारभार चालावा म्हणून बांधलेलं ते गाव आहे. कचेऱ्या, बंगले, झाडं, रुंद रस्ते, सगळं त्या मापाचं. कारभार गेला, माप तेवढंच राहिलं. आठ खणांच्या वाड्यात चार माणसं उरली की जसं वाटतं, तसं तिथं सकाळी वाटतं. मला ते उदास कधीच वाटलं नाही. त्या सावलीत मी सायकल शिकलो.

तेव्हा आईबाबांना घेऊन रविवारी सकाळी सात वाजता झिरो माईल स्थानकावर उतरा. बाहेर पडताच शून्य मैलाचा दगड आहे, १९०७ मध्ये मोजणीच्या कामासाठी बसवलेला. वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे. दगडावर गावांची नावं आणि अंतरं कोरली आहेत, मैलांत. बाबांना ती वाचायला वेळ द्या. समोर विधान भवन. तिथून कस्तुरचंद पार्ककडं आलात की पोह्यांचे ठेले लागतात. तर्री-पोहे घ्या, तर्री वेगळी मागा आणि आईला आधी थेंबभर चाखू द्या. सांभार मात्र नाही म्हणू नका.

मग अजब बंगला. १८६३ चं संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. इथले जुने लोक त्याला म्युझियम म्हणत नाहीत. बाबा इतिहासाचे, तर त्यांना शिलालेखांचं दालन आणि गुंगेरियाचा ठेवा दाखवा. १८७० मध्ये बालाघाटकडं जमिनीत तांब्याची हत्यारं आणि चांदीचे पातळ पत्रे सापडले होते, त्यातला काही भाग इथं आहे. बालाघाट आता मध्य प्रदेशात, ठेवा नागपुरात. त्या प्रांताचा नकाशा अशा काचेच्या पेट्यांत अजून जोडलेला आहे. पुढं हायकोर्ट. नागपूरला स्वतःचं हायकोर्ट १९३६ मध्ये मिळालं आणि चार वर्षांनी ही दगडी इमारत उघडली. आता ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ. जुनं सचिवालयही त्याच भागात आहे, अजून सरकारी कचेऱ्याच आहेत त्यात. वडील निवृत्त झाल्यावरही तिथून जाताना चालणं हळू करायचे. चहाचा ठेला दिसला तर तिथं बसा, कोणी ना कोणी बोलेल.

हे झालं रुळांच्या पश्चिमेचं नागपूर. तुम्ही राहता तेही पश्चिमच. पण गाव जन्मलं पूर्वेला. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, १७०२ च्या सुमारास बारा वाड्यावस्त्या जोडून हे वसवलं, भोसले नंतर आले. आमच्या महालात गोंड राजाचा किल्ला नावाची जागा आहे आणि भोसल्यांचा वाडाही आहे. लोक भोसल्यांपासून सुरुवात करतात, ते मला खटकतं. गांधीगेटमधून आत शिरा. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. बाजूला शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर. तिथून चितार ओळीत जा. मूर्तिकारांची गल्ली आहे. डिसेंबरात काम कमी असतं, पण पुढच्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी तुम्ही एकट्या जा आणि ओल्या मातीच्या वासात अर्धा तास उभ्या राहा.

रामटेक बाबांना चुकवू नका. पन्नासेक किलोमीटर. गाडी वरपर्यंत जाते, शेवटच्या पायऱ्या थोड्याच आहेत. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं साधार मांडणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात शिकवत. संस्कृतच्या शिक्षकाला हे नाव ठाऊक असेलच. गडावर केवल नरसिंहाच्या मंदिरात वाकाटकांच्या काळातला लेख आहे, पाचव्या शतकातला. वाटेत नगरधन लागतं, तीच वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. म्हणजे या भागात राजधानी येणं आणि जाणं फार जुनं आहे.

सीताबर्डीचा किल्ला आईबाबांना दिसणार नाही. लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षात तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. तुम्ही २६ जानेवारीला जा. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज याच टेकड्यांवर लढले. वरून एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला दाटलेली घरं दिसतात. मधून रूळ. तेव्हा तुमच्या डोक्यात नकाशा बसेल.

आणि शहरात शिरायचं कसं विचारलंत. भाजीचा एक ठेला धरा, गोकुळपेठेत किंवा घराजवळ, आणि तोच ठेवा. मेमध्ये रजा टाकून चिपळूणला पळू नका. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दिवसभर कूलरच्या वाळ्यासमोर बसावं लागतं, पण रात्री नऊनंतर हेच मुकं गाव रस्त्यावर उतरतं. गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकतात. घरमालकिणीसोबत गच्चीवर एक उन्हाळा काढा. डिसेंबरात दिवसभर फिरून जे कळणार नाही ते त्या गाद्यांवर कळेल.

इंदोरा:

जुळारीकाका, तुम्ही १ नोव्हेंबर सांगितलं. त्याच्या अठरा दिवस आधीचं मी सांगतो, कारण ते राहिलं तर ताईंना अर्धंच नागपूर कळेल.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. माझी आजी तेव्हा सोळा वर्षांची होती, उमरेडकडच्या गावातून वडिलांसोबत आली होती. पांढरी साडी हवी होती, घरी नव्हती, म्हणून शेजारणीची आणली. आजी म्हणायची, मैदानात पाहावं तिकडं कापूस फुटल्यासारखं पांढरं होतं. नागपूरच का निवडलं ते बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं होतं: इथं पूर्वी नाग लोक राहत, बौद्ध धम्म पसरवणारे. आपल्या शहराच्या नावाकडं त्या नजरेनं पाहायला मी आजीकडून शिकलो.

म्हणून राजधानी गेली हे मला कळतं, पण पटत नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्यासाठी हे शहर राजधानी झालं. दरवर्षी दसऱ्याला गाड्या भरून लोक येतात. आमच्या इंदोऱ्याच्या घरी मागच्या दसऱ्याला परभणीकडची अकरा माणसं होती, आधी कधी न पाहिलेली. आईनं दोन दिवस भाकऱ्या थापल्या. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत पुस्तकं असतात. कपडे नाही, खेळणी नाही, पुस्तकं. मैदानाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं लागतात, कमी शिकलेली माणसंही नातवासाठी घेऊन जातात. शांत शहर म्हणालात ना ताई, पुढच्या दसऱ्याला तिथं फक्त उभ्या राहा.

दीक्षाभूमी बाहेरून पाहून परत फिरू नका. स्तूप २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. बाहेरून भरीव वाटतो, पण आत मोठं गोल सभागृह आहे आणि मधे अस्थिकलश. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून रोप आणलं होतं, त्याचा बोधिवृक्ष आवारात आहे. आईबाबांना सकाळी लवकर न्या. बाबांना जमिनीवर बसता येत नसेल तर आवारात बाकं आहेत. एक दिवस मोकळा असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिरही पाहा, पण घाई असेल तर तेवढा वेळ बोधिवृक्षाखालीच द्या.

इतवारीची काकू:

बाई गं, सगळ्यांनी तुला इमारतीच सांगितल्या. आईला बाजार आवडतो म्हणालीस ना, तिला माझ्याकडं पाठव.

आमच्या पेठांची नावंच बाजाराच्या वारांवरून आहेत. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. आम्ही कोष्टी. सासऱ्यांचा हातमाग घरातच होता, जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून बसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत शिरलं की धोट्याचा आवाज ऐकू यायचा, कोणत्या घरात काम आहे आणि कोणत्या घरात नाही ते त्यावरून कळायचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ला इथंच सुरू झाली, माझे दीर तिथं होते. आता मिल नाही, गल्लीत मागही नाही. आवाज गेला तेव्हा पहिले काही महिने मला झोप येत नव्हती. जुळारीभाऊंना राजधानीचं जसं वाटतं तसं मला त्या आवाजाचं वाटतं. आईला नागपुरी सुती लुगडं घ्यायचं असेल तर दुकानदाराला हातमागाचं आहे का ते विचारायचं आणि काठ उलटा करून पाहायचा. घाई करायची नाही.

सावजी खायला नेशील तेव्हा एक लक्षात ठेव. लोक म्हणतात तिखट, डोळ्यांत पाणी. ते मसाल्याचं जेवण आहे, आमच्या घरातलं. धने, खसखस, काळी मिरी, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि पाट्यावर वाटायचं. पूर्वी जवसाच्या तेलात करत. नुसतं तिखट ओतून लाल केलेला रस्सा मिळाला तर तो सावजी नाही, उठून ये. खरा रस्सा काळपट असतो. मटण नको असेल तर पाटोडी किंवा डाळकांदा सांग.

तू यंदाची मारबत चुकवलीस ना? ऑगस्टमध्ये होतीस इथं, कोणी सांगितलं नाही काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी आमच्याकडं काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाच्या एवढ्या उंच बाया, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत सगळं गाव मागं. महागाईपासून डेंग्यूपर्यंत ज्याला जे घालवायचं ते ओरडतो. दोघींची इतवारीत गाठ पडते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या पोळ्याला माझ्या गॅलरीत ये. जगात दुसरीकडं असं नाही पाहायला मिळत.

आणि घरमालकिणीला सांग, डिसेंबरात सांभार स्वस्त असतो, सांभारवडी करायला शिकवा. तू परत पाठवलेल्या वाटीचा हिशेब त्यात होऊन जाईल.

वाशिष्ठी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबा परवा गेले. म्हटलं लगेच लिहावं.

रविवारी सातला झिरो माईलला पोचलो. धुकं होतं. बाबांनी अंतरांचा दगड बोट फिरवत पूर्ण वाचला. अजब बंगल्यात अडीच तास गेले, त्यामुळं हायकोर्ट फक्त रस्त्यावरून. जुन्या सचिवालयाजवळ आम्ही तिघं नुसतेच थांबलो. बाबांनी विचारलं, त्या गृहस्थांचे वडील कुठल्या खिडकीत बसत असतील? मला सांगता आलं नाही. जुळारीकाका, ठाऊक असेल तर सांगा, त्यांना कळवेन.

मिराशींचं नाव वाचून बाबा एकदम सरळ बसले होते. नोकरीत असताना त्यांनी मिराशींचे लेख मागवून वाचले होते. रामटेकला गुडघ्याची तक्रार एकदाही केली नाही. नरसिंहाच्या लेखासमोर उभे राहिले तेव्हा मी आणि आई बाजूला झालो.

दीक्षाभूमीला सकाळी गेलो. आत शिरल्यावर आई हळू आवाजात बोलायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बोधिवृक्षाखाली एक बाई नातवाला वाचून दाखवत होत्या. तिथं तासभर बसलो. कामठी राहिलं.

अधिवेशनाचं काय झालं ते सांगते. तिसऱ्या दिवशी बर्डीवरून येताना मोर्चा अडवला होता, आम्ही अडकलो. गडचिरोलीकडच्या अंगणवाडी सेविका होत्या, रात्रभर प्रवास करून आलेल्या, रस्त्यावरच डबे उघडून बसल्या होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली. कुठल्या गावच्या, मानधन किती, मुलं किती, सगळं विचारलं. त्यांनी आईला चटणी-भाकर दिली. बाबा कडेला उभे राहून विधान भवनाकडं आणि मोर्चाकडं आळीपाळीनं बघत होते. नंतर म्हणाले, राजधानी असते ती यांच्यासाठीच ना, एरवी मुंबईला यांनी जायचं तरी कसं?

महाल राहिलं, ते माझं आता. २६ जानेवारीला किल्ला ठरला. आणि काकू, इतवारीतलं तुमचं लुगड्याचं ऐकून आईनं काठ उलटा करून पाहिला, दुकानदार म्हणाला, तुम्ही इथल्याच का? आईचं एक काम आहे तुमच्याकडं. त्या सेविकांनी दिलेली चटणी जवसाची होती, कशी करतात ते तिला हवंय.

जुळारी:

ताई, वडील मागच्या बाजूला बसत, खिडकीबाहेर चिंच होती. एवढंच ते सांगायचे. मजला मी कधी विचारला नाही.

मोर्चाचं वाचून बरं वाटलं. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथं व्हावं असं ठरलं, त्या एका ओळीवर आमचे डिसेंबर चालले. आम्ही तारांकित प्रश्नांच्या याद्या रात्रभर छापायचो. पहाटे ओल्या शाईच्या गठ्ठ्यात गडचिरोली, मेळघाट, भामरागड ही नावं दिसली की वाचून पाहायचो, यंदा कोणी काय विचारलं. सकाळी घरी जाताना तीच माणसं स्टेशनकडून चालत येताना दिसायची. बाबांना माझा नमस्कार कळवा. महालात याल तेव्हा आधी लिहा, चितार ओळीपर्यंत मी सोबत येईन.

इतवारीची काकू:

लिहून घे. जवस निवडून कोरडे भाजायचे, मंद आचेवर, तडतडायला लागले की उतरवायचे. जास्त भाजले तर कडू होतात. त्याच कढईत सुक्या लाल मिरच्या थोड्या तेलावर फिरवून घ्यायच्या. सगळं गार होऊ दे, मग लसूण, मीठ आणि जिरं घालून कुटायचं. मिक्सर चालेल पण थांबून थांबून फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. डब्यात पंधरा दिवस राहते. खाताना वरून कच्चं जवसाचं तेल, नाहीतर तीळाचं. चिपळुणात जवस चांगले मिळायचे नाहीत, तू इथून किलोभर पाठव. घ्यायला ये माझ्याकडं, किराणा ओळीतला माझा माणूस आहे.